पावसाळा सरला की नेम हुकतो: नळी बदलायची, रिबोअर करायची, की दोन्ही नको?

मामांची रायफल दर दिवाळीच्या सुमारास बिघडते. उन्हाळ्यात शंभर मीटरवर पाच गोळ्या चहाच्या कपाच्या तोंडात बसतात आणि पावसाळा सरल्यावर त्याच पाच गोळ्या जेवणाच्या ताटातही मावत नाहीत. मग कुणीतरी स्क्रू आवळतं, कुणी नळीत ब्रश फिरवतं, चार दिवस बरं चालतं आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच रडगाणं. सलग चार वर्षं असं झाल्यावर मामा वैतागले. एका जाणकाराने त्यांना सांगितलं, "नळी गेली, नवीन बसवा." दुसऱ्याने सांगितलं, "रिबोअर करून मोठ्या बोअरची, म्हणजे मोठ्या भोकाची करून टाका, कटकट मिटेल." दोघांचं ऐकून मामा माझ्याकडे आले, कारण कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी बावीस वर्षं इंजिनांचे सिलिंडर बोअर करतोय, शिवाय नेमबाजीचा नाद आहे.

"अरं, तू रोज ह्येच करतूस की. हिला पण बांध मशिनवर."

"बांधणार न्हाई मामा. आणि तुम्हीबी दुसऱ्या कुठल्या शेडात न्यायची न्हाई."

मामांना राग आला, पण हा मुद्दा आधीच मिटवून टाकलेला बरा. उद्यमनगरात काय बनत नाही? पंपाचं इंपेलर असो, उसाच्या गाळपयंत्राचा रोलर असो, नमुना टेबलावर ठेवला की संध्याकाळपर्यंत तसाच दुसरा हातात. पण शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ स्पष्ट आहे: बंदुक बनवणं, दुरुस्त करणं, तिच्यात बदल करणं, यासाठी वेगळं लायसन लागतं. तुमच्याकडे बाळगायचं लायसन आहे म्हणून तुमच्या ओळखीच्या लेथवाल्याला नळीला हात लावता येत नाही. कायद्याच्या व्याख्येत सुटे भागही शस्त्रातच मोडतात, म्हणजे काढून ठेवलेली जुनी नळी भंगारवाल्याच्या तराजूत टाकणं हाही गुन्हाच. पुढे जे जे काम लिहिलंय ते लायसनधारी गनस्मिथने करायचं आहे. आपण करायचं ते निदान, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात अवघड तेवढंच आहे.

शिकारीचंही एका वाक्यात सांगतो. रायफलीला अजून सगळे 'शिकारी रायफल' म्हणत असले तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद आहे. पिकात डुकरं उतरली, गवा आला, तरी कलम ११ खालची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय गोळी झाडता येत नाही. आज्जाच्या वेळेला दाजीपूरचं जंगल संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं, आता ते अभयारण्य आहे. मामांची रायफल वर्षातून दोन-तीनदा रेंजवर जाते आणि बाकी वेळ कपाटात असते. हे 'बाकी वेळ कपाटात' ध्यानात ठेवा, पुढे त्याचंच काम आहे.

इंजिनाचा ब्लॉक आणि रायफलीची नळी

मामांच्या डोक्यात रिबोअरचं जे चित्र होतं ते माझ्याच धंद्यातलं. सिलिंडर झिजला की आम्ही पाव मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर मोठा करतो आणि त्या मापाचा ओव्हरसाइझ पिस्टन घालतो. जास्तच खराब असेल तर लायनर मारतो, म्हणजे ब्लॉक जुना आणि आतली भिंत नवी. त्याहून वाईट असेल तर ब्लॉकच बदलायचा.

रायफलीत हे तिन्ही आहे. रिबोअर म्हणजे जुनी नळी आतून मोठी करून तिच्यात गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खोबणी नव्याने पाडणं. रिलायनिंग म्हणजे आत नवी बारीक नळी बसवणं; हे जुन्या पॉइंट टू-टू रायफलींना शोभतं, कारण तिथे दाब कमी असतो. रिबॅरल म्हणजे नळीच नवी. पण एक फरक असा आहे की त्यापुढे सगळी उपमा ढासळते. ओव्हरसाइझ पिस्टन दुकानात मिळतो आणि तो घालायला कुणाची परवानगी लागत नाही. रायफलीचा पिस्टन म्हणजे काडतूस. पाव मिलिमीटर मोठं काडतूस अशी चीज नाही. नळी मोठी केली की पुढच्या नावाच्या काडतुसावर उडी मारावी लागते. आणि काडतुसाचं नाव तुमच्या लायसनवर छापलेलं आहे.

म्हणून रिबोअरचा विचार करताना पहिला प्रश्न लोखंडाचा नसतोच. मोठी केल्यावर जे काडतूस लागेल ते इथे मिळतं का, आणि तो बोअर लायसनवर चढवून मिळेल का, हा पहिला प्रश्न. मामांची रायफल .३०-०६ नावाच्या काडतुसाची, माउझर ९८ या जुन्या जर्मन रायफलीच्या धाटणीची, आज्जाने पन्नासच्या दशकात घेतलेली. ती रिबोअर केली तर .३३८ किंवा .३५ च्या घरातल्या काडतुसांवर जावं लागेल. अमेरिकेत ही काडतुसं लोक हौसेने वापरतात. कोल्हापुरात त्या नावाचं काडतूस मागितलंत तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. .३०-०६ आणि .३१५ ची देशी काडतुसं निदान मिळतात तरी. मामांचा रिबोअर तिथेच संपला. नळीकडे न बघताच.

राहिली नवी नळी. पण नळी खरंच गेलीय का?

गोळीने किती झिजते याचा हिशेब

नळी झिजते ती मुख्यतः चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढच्या दोन-तीन इंचांत. तिथे जळत्या दारूचा वायू सगळ्यात तापलेला असतो आणि पोलाद भाजून निघतं. बोरस्कोप, म्हणजे नळीत जाणारा बारीक कॅमेरा, घालून बघितलं तर त्या जागी उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानासारखी नक्षी दिसते. .३०-०६ सारख्या मध्यम काडतुसाची चांगली नळी तीन ते पाच हजार गोळ्या सहज काढते. मोठ्या दारूची मॅग्नम काडतुसं हजार-दोन हजारांत नळी खातात. पॉइंट टू-टूची नळी कित्येक हजार गोळ्या पचवते.

आता मामांचा हिशेब. आज्जापासून आजवर या रायफलीतून फार तर सहाशे-सातशे गोळ्या गेल्या असतील. काडतुसांच्या नोंदवहीत जवळपास तसाच आकडा आहे. म्हणजे गोळीने झिजून ती नळी गेलेली असण्याचा संभवच नाही. आपल्या भागात मी ज्या ज्या 'गेलेल्या' नळ्या पाहिल्या त्या गोळीने गेलेल्या नव्हत्या. त्या पाण्याने, गजाने आणि न केलेल्या साफसफाईने गेलेल्या. काही तर गेलेल्याच नव्हत्या.

टार्गेटचा कागद काय सांगतो

निदान सुरू करायचं ते कागदावरून. तीन गोळ्यांवर निर्णय घेऊ नका. तीन गोळ्या योगायोगानेही एकत्र बसतात. पाच-पाच गोळ्यांचे निदान तीन ग्रुप मारा, प्रत्येक ग्रुपनंतर नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबा आणि कितवी गोळी कुठे बसली ते कागदावरच लिहून ठेवा. बहुतेक लोक हे लिहीतच नाहीत, आणि सगळं उत्तर नेमकं त्यातच असतं.

पहिली गोळी जागेवर आणि पुढच्या एकामागून एक वर किंवा एका बाजूला सरकत गेल्या, तर संशय लाकडावर. नळी तापली की ताणते, लाकूड तिला ढकलतं. गोळ्यांचे दोन वेगळे घोळके दिसले, तर काहीतरी ढिलं आहे आणि दर झटक्याला दोन जागांपैकी एका जागी बसतंय. दुर्बिणीचा माउंट, रिंगा, नाहीतर कुंद्याचे, म्हणजे लाकडी दस्त्याचे स्क्रू. गोळ्या चारी बाजूंना मोकाट, कसलाच क्रम नाही, तर नळीचं तोंड किंवा आतली बाजू. आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडवी, किल्लीच्या भोकासारखी खूण आली, तर गोळी उडतानाच कोलांट्या खातेय. अशा वेळी नळीचं माप किंवा पीळच बिघडलाय आणि बाकी तपासणी बाजूला ठेवून थेट गनस्मिथ गाठायचा.

यात एक पथ्य आहे. काडतुसाची केस (पितळी नळकांडी) चेंबरमध्ये अडकत असेल, झाडल्यावर तिच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी बाहेर आलेली दिसत असेल किंवा नळीवर बाहेरून हात फिरवताना कुठे कड्यासारखा फुगवटा लागत असेल, तर ग्रुप मारून बघायची हौस करू नका. तिथेच थांबा.

आणि गोळीचा लॉट, म्हणजे एकाच खेपेत बनलेली काडतुसं. दुधाळीच्या रेंजवर नेमबाजी करणारी पोरं बघा. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमधून कांस्य आणलं, त्यामुळे आता घराघरात कुणीतरी नेमबाजी शिकतंय. या खेळात बॅरलला दोष देण्याआधी काडतुसाचे दोन-तीन लॉट मारून बघायचे ही साधी रीत आहे. आपले लायसनवाले मात्र दहा वर्षांपूर्वीची, ओल लागलेली काडतुसं मारतात आणि नळीला शिव्या देतात. मामांकडेही दोन डब्यांतली मिसळ होती. एकाच लॉटची नवी काडतुसं आणली तेव्हा ताटाची परात होणं थांबलं, पण ताट ताटच राहिलं. म्हणजे दोष अजून होता.

लाकूड

मामांचं गाव गगनबावड्याच्या बाजूला. तिकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भिंतीला हात लावला तर ओला होतो, कपाटातले कागद लोळागोळा होतात. अशा घरात अक्रोडाचा कुंदा चार महिने उभा राहिला की तो फुगणारच. बाहेरून पॉलिश असतं, पण नळीच्या खालची खोबण, स्क्रूची भोकं आणि पाठीच्या पत्र्याखालचं लाकूड कोरडंठाक, उघडं असतं. तिथून ओल आत शिरते.

बघायची युक्ती फुकटातली आहे. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, बोल्ट (काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणारा मागचा दांडा) काढून बाजूला ठेवा. जाडसर कागदाची पट्टी नळी आणि कुंद्याच्या मधून टोकाकडून आत सरकवा. जी नळी लाकडापासून मोकळी ठेवायची आहे तिथे पट्टी चेंबरच्या जवळपर्यंत बिनअडथळा गेली पाहिजे. मामांची पट्टी टोकापासून चार बोटांवर डाव्या बाजूला अडकली. मे महिन्यात हीच पट्टी आरपार गेली होती, कारण मी त्यांना तेव्हाही करायला लावलं होतं. दर दिवाळीला येणाऱ्या आजाराचा पहिला धागा हा.

दुसरा धागा स्क्रूंचा. माउझरला खालून दोन मुख्य स्क्रू असतात, पुढचा आणि मागचा. लाकूड फुगलं की ते आपोआप घट्ट होतात, लाकूड सुकलं की ढिले. मग डिसेंबरात कुणी तपासले नाहीत, तर रायफल दर झटक्याला कुंद्यात किंचित पुढे-मागे बसते. वर्षानुवर्षं असं चाललं की पुढच्या स्क्रूमागे जिथे झटका लाकडावर टेकतो तिथलं लाकूड दबून जातं, मग कितीही आवळा, उपयोग नाही. मामांच्या कुंद्यात तिथे स्पष्ट चमकदार दाब दिसत होता. आवळून चार दिवस बरं का वाटायचं, त्याचं उत्तर ते.

एक सावधानता: सगळ्या रायफलींची नळी मोकळी ठेवायची नसते. ली-एनफिल्ड घराण्यात पुढच्या लाकडाचा नळीला मुद्दाम दिलेला आधार असतो. तिथे कुणी उत्साहाने लाकूड खरवडलं तर चांगली रायफल बिघडते.

तोंड आणि गज

नळीच्या तोंडाची कड गोळीला शेवटचा स्पर्श करते. ती एका बाजूला जरी दबलेली असली तरी मागचा वायू त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढुशी देतो. ही कड बिघडवण्याचा आपल्याकडचा राजमार्ग म्हणजे साफसफाई. लोखंडी गज, तीन तुकड्यांत जोडलेला, तोही तोंडाकडून घालायचा आणि जोर लावून पुढे-मागे करायचा. गजाचा सांधा दर वेळी त्याच कडेवर घासतो. माउझर धाटणीच्या रायफलीचा बोल्ट एका मिनिटात निघतो, मग गज चेंबरकडूनच घालायला काय हरकत? पण आज्जा तसं करायचे म्हणून मामा तसं करतात.

कानात घालायची कापसाची काडी घ्या आणि तोंडाच्या आतल्या कडेवरून बाहेरच्या दिशेने हळू फिरवा, सगळीकडून. जिथे कापसाचा तंतू अडकतो तिथे बर, म्हणजे धातूची वर आलेली बारीक धार, आहे. मामांच्या नळीवर दोन जागी अडकला, शिवाय भिंगातून बघितलं तर भोक एका बाजूला लंबगोल झाल्यासारखं दिसत होतं. याचं औषध नवी नळी नाही. तोंड थोडं मागे घेऊन कड नव्याने कापायची, ज्याला क्राउन करणं म्हणतात. हे काम लहान आहे, पण इथेही घरात ड्रिल फिरवायचं नाही. आणि 'तोंडाकडून दोन इंच कापूनच टाकू' हा सल्ला कुणी दिला तर शस्त्र कायद्याचं कलम ६ वाचायला सांगा. नळी आखूड करायला कायद्याने वेगळं लायसन लागतं.

गरम पाणी

नळीच्या आतल्या गंजाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथेच खऱ्या नळ्या मरतात.

जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं. सोपं करून सांगायचं तर मिठाचाच भाऊ. तो हवेतली ओल ओढतो आणि एका रात्रीत पोलादाला खड्डे पाडायला लागतो. आता गंमत अशी, मीठ तेलात विरघळत नाही. आपण इमानेइतबारे तेलाचा बोळा फिरवतो आणि मीठ तेलाखाली सुखाने बसून राहतं. जुने शिकारी परत आल्यावर किटलीभर उकळतं पाणी नळीतून ओतायचे, मग कोरडे बोळे, मग तेल. आपल्याला वाटायचं ही म्हाताऱ्यांची खुळं. ती खुळं नव्हती. मीठ पाण्यात विरघळतं आणि तापलेली नळी आपोआप वाळते. तुमच्याकडे जुन्या साठ्यातली काडतुसं असतील तर हेच करा. नवी असली तरी पावसाळ्यात याने बिघडत काही नाही, फक्त लाकडात पाणी जाऊ देऊ नका.

दुसरं कारण निवडणूक. आचारसंहिता लागली की हत्यार जमा करायची नोटीस येते. महिना-दीड महिना ते दुसऱ्याच्या खोलीत पडून असतं, आणि तिथे तुमच्या रायफलीला कोण तेल लावणार? जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळीत आणि चेंबरमध्ये जाड तेल भरा आणि परत आल्यावर झाडण्याआधी ते पूर्ण पुसून काढा. तेल भरलेल्या नळीतून गोळी मारणं हाही नळी फुगवायचा मार्ग आहे.

साफ झाल्यावर गोळीच्या आवरणाचं तांबं नळीत उरलंय का ते बघायचं. अमोनियाचं सॉल्व्हेंट लावलेला बोळा निळा-हिरवा निघाला की तांबं आहे. निळा निघणं थांबेपर्यंत करत राहा, पण सॉल्व्हेंट नळीत रात्रभर ठेवून झोपू नका. कित्येक 'गेलेल्या' नळ्या एवढ्यावर जाग्या होतात. मामांची निम्मी जागी झाली.

खरोखर गेलेली नळी

आता दुसरी रायफल. माझ्या मित्राची, गडहिंग्लज बाजूची, .२७० ची. हिचं निदान सरळ होतं, कारण ती तेलाशिवाय दोन पावसाळे पडून होती. वरचं सगळं केलं: लॉट बदलला, लाकूड मोकळं केलं, तोंड ठीक होतं, तांबं काढलं. ग्रुप हलला नाही. मोबाइलला जोडायचा स्वस्त बोरस्कोप आत घातला तर तोंडाच्या अलीकडे सहा-आठ इंचांत देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारखे खड्डे.

इथे रिबोअरचा विचार खरंच करण्याजोगा होता आणि मला त्यात भारी रस वाटला. .२७० ची केस आणि .३०-०६ ची केस एकाच घरातली. बूड सारखं, त्यामुळे बोल्ट, मॅगझिन, काडतूस सरकण्याची वाट, काही बदलायला लागत नाही. आणि .३०-०६ इथे मिळतं. माप बघा. .२७० च्या खोबणीच्या तळाचा व्यास .२७७ इंच. .३०-०६ चा बोअर, म्हणजे खोबणींमधल्या उंचवट्यांवरचा व्यास .३०० इंच. नळी तेवढी मोठी केली की जुनी खोबण पूर्ण पुसली जाते आणि वर त्रिज्येत साडेअकरा हजारांश इंच, म्हणजे सुमारे ०.२९ मिलिमीटर माल निघतो. खड्डे त्याहून उथळ असतील तर नळी आतून आरशासारखी. बाहेरून काहीच बदलत नाही: तीच माशी (नेमाची पुढची खूण), तीच मागची पानं (नेमाच्या मागच्या पट्ट्या), तेच कोरीव काम, नळीवर बनवणाऱ्याचं नाव तसंच, कुंद्याला तासणी लावायची गरज नाही. वाडवडिलांच्या रायफलीत हा फायदा लहान नाही. नवी नळी म्हणजे सारवलेल्या घराला नवी भिंत. घर टिकतं, पण आज्जाचा हात लागलेली भिंत जाते.

पानांचं मात्र आधी ध्यानात घ्या. इंग्रजी बनावटीच्या मागच्या पानांवरचे शंभर-दोनशे यार्डांचे आकडे मूळ काडतुसासाठी बसवलेले असतात. गोळी बदलली की ते आकडे निव्वळ नक्षी.

गनस्मिथने नळीच्या त्या भागाचा कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने साचा घेतला. खड्ड्यांच्या जागी साच्यावर पुटकुळ्या येतात आणि त्या मोजता येतात. बहुतेक ०.१, ०.१५. एक ०.४ च्या वर. एकच. पण तो उंचवट्यावर येवो की खोबणीत, .३०-०६ च्या खोबणीचा .३०८ चा व्यास धरला तरी त्रिज्येत जेमतेम ०.३९ मिळतं. शिवाय कुंदा काढल्यावर नळीच्या खालच्या बाजूला, लाकडाच्या रेषेच्या आत, बाहेरूनही गंजाने खाल्लेलं होतं. वरून चकाकणारी नळी खालून पोखरलेली असते हे मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. आतून माल काढायचा आणि बाहेरून आधीच कमी झालेला. दाब दर चौरस इंचाला पन्नास-साठ हजार पौंडांचा. गनस्मिथ नाही म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं.

मग नवी नळी. चेंबरच्या पुढचाच भाग खराब असता तर मागून इंचभर नळी कापून, आटे पुन्हा पाडून, चेंबर नव्याने करता आलं असतं, पण इथे रोग तोंडाकडे होता. नव्या नळीचं यंत्रकाम आम्हा लेथवाल्यांना सोपं वाटतं: मोठ्या रिंगच्या माउझर ९८ चे आटे १.१ इंच व्यासाचे, इंचाला १२, आणि ५५ अंशाचे. फसतात ते साठ अंशाचं टूल लावणारे. पण आटे हे निम्मं काम. हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला मिळणारी जागा, 'गो' आणि 'नो-गो' गेजनेच तपासायची. .३०-०६ आणि .२७० मध्ये ती केसच्या खांद्यावर ठरते. .३१५ ला कड आहे, तिथे ती कडेच्या जाडीवर ठरते. एकाची समज दुसऱ्याला लावू नका. सगळं झाल्यावर प्रूफ चाचणी, म्हणजे जादा दाबाचं काडतूस झाडून घ्यायची पारख, झाल्याशिवाय रायफल खांद्याला लावायची नाही.

कागदांचं काम आधी, लोखंडाचं नंतर. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, लेखी अर्ज करून परवानगी घ्या. बोअर तोच ठेवला तर फाइल त्या मानाने पातळ राहते. बोअर बदलायचा म्हटलं की जाड होते. नळीवर रायफलीचा नंबर असेल तर जुनी नळी काढताना तो नंबर, लायसनवरची नोंद आणि बॉडीवरचा नंबर यांचं काय करायचं हे त्या परवानगीतच लिहून घ्या. नंबर खोडणं किंवा बदलणं हा कलम ८ खालचा गुन्हा आहे. नळी परदेशातून आणायची तर कलम १० प्रमाणे आयातीचं लायसन वेगळं. मित्राने हे सगळं ऐकून एकच विचारलं.

"आणि काहीच न्हाई केलं तर?"

तर काही नाही. ती आज्जांची आठवण म्हणून तेल लावून कपाटात राहील. गोळी मात्र मारायची नाही. मला वाटतं निम्म्या घरांत हाच निर्णय योग्य ठरतो, फक्त तो कुणी बोलून दाखवत नाही. मित्राने अर्ज केलाय, .२७० च्याच नळीसाठी.

मामांकडे परत येतो. गनस्मिथने त्यांची नळी तोंडाशी क्राउन केली, झटका टेकतो ती जागा एपॉक्सीने भरून पक्की केली, नळीखालची खोबण जरा खरवडली आणि आतल्या सगळ्या उघड्या लाकडाला वॉर्निश पाजलं. नळी तीच. गेल्या दिवाळीनंतर रेंजवर पाच गोळ्या मारल्या. कपात नाही बसल्या, बशीत बसल्या. मामांनी लगेच कागदाची पट्टी काढून नळीखाली सरकवली. आता ती पट्टी त्यांच्या लायसनच्या पाकिटातच असते, घडी घातलेली, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग. गज मात्र अजून तोंडाकडूनच घालायला बघतात, म्हणून लोखंडी गज मी माझ्या घरी आणून ठेवलाय.